पिवळा टॉवेल

त्या सकाळी वर घरात ठकी बाटली घेत नव्हती, आणि खाली रस्त्यापलीकडच्या बाकावर बसल्या बसल्या तिची आई गेली. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मला फक्त पहिलं माहीत होतं.

ठकी म्हणजे आमची मुलगी. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी ताठ आणि गप्प होती म्हणून तिची आई तिला ठकी म्हणाली, आणि तेच राहिलं. गप्प मात्र राहिली नाही. चार महिने उलटले होते, बायकोची रजा संपत आली होती आणि ठकीला आईच्या अंगावर पिण्याखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं.

बायको बस डेपोत कामाला होती. वेळेवर गाड्या सोडणं हे तिचं काम. तिच्या केबिनसमोरच्या खिडकीत साहेब हिरवी पाटी लावायचे, ती दिसली की ही शिट्टी द्यायची, मग गाडी हलायची. पाटी लागली नाही तर ड्रायव्हर हॉर्न वाजवोत, प्रवासी शिव्या देवोत, ही जागची हलायची नाही. डेपोत तिला खुंटा म्हणायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे. ती घरी येऊन कौतुकाने सांगायची, "आज परत खुंटा म्हणाले."

दूध काढून ठेवायला तिने रजा संपायच्या बरंच आधी सुरुवात केली. हातपंप आणला होता. पहिल्या दिवशी तासभर खटपट करून बाटलीचा तळ जेमतेम झाकला. ती रडकुंडीला आली. मी पंप उघडून बघितला. आतली रबरी चकती उलटी बसली होती. मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. चकत्या, स्प्रिंगा, पट्ट्या यांत माझं आयुष्य गेलं. चकती सुलटी बसवून दिली तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी लग्न केलं होतं, आज वसूल झालं."

मग तिला जमायला लागलं. सकाळी पहिल्यांदा ठकीला एका बाजूने पाजायची आणि दुसऱ्या बाजूचं काढायची. आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेवायची. पंपाचा किर्र-कट, किर्र-कट असा आवाज यायचा. आम्ही बोललो की दूध यायचं थांबायचं, म्हणून तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. काढलेलं दूध लहान पिशव्यांत भरून, वर पट्टी चिकटवून, तारीख-वेळ लिहून फ्रीझरमध्ये आडवं ठेवायची. सपाट गोठलं की पिशव्या एकीमागे एक उभ्या लावायची. "बघा, डेपोत गाड्या लागल्यात," असं म्हणायची.

दूध साठलं, पण ठकी बाटलीला तोंड लावेना. आईने दिली तर बाटली ढकलून सरळ आईच्या छातीकडे वळायची. तिचंही काय चुकलं? समोर पानात वाढलेलं असताना डब्यातलं कोण खाईल?

दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं, "आई घरात असली की बाळ बाटली घेत नाही. त्याला आईचा वास येतो. तुम्ही बाहेर जा, बाबांना पाजू दे. आणि लगेच परत येऊ नका."

घरी येऊन बायकोने बेत ठरवला. आमच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे एक बाक आहे, एका चावीवाल्याच्या टपरीला लागून. तिथून आमची गॅलरी दिसते. ती तिथे बसणार होती.

"फोन करतो की मी," मी म्हटलं.

"फोन नको. मागून तिचं रडणं ऐकलं की मी चपला न घालता पळत येईन. मला माहितीय मी कशी आहे ते."

"मग तुला कळणार कसं?"

"ती प्यायली की गॅलरीत पिवळा टॉवेल टाका. टॉवेल दिसला की येते. नाही दिसला तर बसते."

"आणि प्यायलीच नाही तर?"

"भूक लागली की घेईल. तुम्ही हात टेकू नका म्हणजे मिळवली. आणि रिकाम्या हाताने गॅलरीत येऊन माझ्याकडे केविलवाणं बघत उभं राहायचं नाही. तुमचा काही नेम नाही."

"मी काही तुझ्यासारखा खुंटा नाही."

"म्हणून तर टॉवेल," ती म्हणाली.

सकाळी हवेत गारवा होता. तिने करडा स्वेटर घातला. दारातून ठकीला म्हणाली, "बापाचं ऐक गं. दिसतो तेवढा वाईट नाहीये." आणि जिना उतरून गेली.

मी पिशवी कोमट पाण्यात ठेवून दूध पातळ केलं. साय कडेला चिकटते, ती हलक्या हाताने फिरवून मिसळायची, घुसळायची नाही. एक थेंब मनगटावर टाकून बघायचा. सगळं तिने शिकवल्यासारखं केलं. ठकीने बाटलीचं रबरी बूच ओठांत घेतलं, क्षणभर विचार केला आणि बाहेर ढकललं. दुसऱ्यांदा ओठ मिटून घेतले. तिसऱ्यांदा पाठ कमानीसारखी ताणून अशी रडली की शेजारी दार उघडल्याचा आवाज आला. मी तिला घेऊन फिरलो, खिडकीपाशी नेलं, नळाची धार दाखवली, परत प्रयत्न केला. पिवळा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवला होता. गॅलरीत मी गेलो नाही. जायचं नाही असं ठरलं होतं.

बेल वाजली तेव्हा मला वाटलं, हरली. आली. मी हसतच दार उघडलं. दारात चावीवाला होता, धापा टाकत.

"खाली या," तो म्हणाला. "वहिनींना बरं वाटत नाहीये."

मेंदूतली नस फुटली होती. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं, खरंच नीट समजावलं. जन्मापासूनच ती जागा कमजोर असावी, ही गोष्ट कुठेही, कधीही झाली असती. ठकी माझ्या खांद्यावर होती. माझ्या शर्टाच्या खिशात बाटली होती, कशी आली कुणास ठाऊक. निघताना एका नर्सने गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी हातात दिली. "यांचं सामान," म्हणाली. घरी आल्यावर ती पिशवी मी कपाटावर मागे सारून ठेवली.

त्या संध्याकाळी माझ्या सासूबाई आल्या. पोरगी गेल्याचं दुःख त्यांनी दारातच ठेवलं. रडल्या, पण उभ्या उभ्या. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "पोर उपाशी आहे. आधी तिचं बघू."

तेव्हापासून आमच्या घरात एकच काम उरलं, ठकीच्या पोटात दूध घालायचं. सासूबाई तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाजायच्या. निम्मं गळ्यावरून ओघळायचं. बाटली दिसली की ती तोंड फिरवायची. आम्ही बूच बदललं. मऊ आणलं, लांबट आणलं, बारीक भोकाचं आणलं. बाटली मी दिली, सासूबाईंनी दिली, शेजारणीने दिली. झोपेत दिली तर दोन घोट जायचे, मग डोळे उघडायचे आणि आपली फसवणूक झाली हे कळल्यासारखी ती ओरडायची.

सगळ्यात वाईट वाटायचं ते उरलेल्या दुधाचं. एकदा पातळ केलेलं परत गोठवता येत नाही. तिने गप्प बसून, एकेक थेंब करून काढलेलं ते दूध, आणि ते सिंकमध्ये ओतायचं. मी दोनदा ओतलं. तिसऱ्यांदा भांडं हातात घेऊन नुसता उभा राहिलो. सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, यापुढे पावडरीच्या दुधाने शिकवू. हिला बाटली कळली की मग तिचं देऊ. तोवर फ्रीझर उघडायचा नाही." हिशेब बरोबर होता. पण पावडरीचं दूधही ठकी बाटलीने घेत नव्हती, आणि चमच्याने जाणारं पुरत नव्हतं. तिच्या मांडीच्या वळ्या उतरायला लागल्या. कपडे बदलताना मला ते दिसायचं, आणि मी बघत नसल्यासारखं करायचो.

दवाखान्यात वजन केलं. सिस्टरांनी आकडा बघितला, परत बघितला, आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. वजन उतरलं होतं, थोडंथोडकं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात वाढ दिसली नाही तर भरती करावं लागेल. नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल."

मी म्हटलं, "काटा चुकतोय."

"काय?"

"तुमचा काटा कमी दाखवतोय."

मी घरी जाऊन माझी वजनांची पेटी घेऊन आलो. आमच्या धंद्यात ती वजनं उघड्या हाताने धरत नाहीत, घामाचा फरक पडतो. मी हातमोजे चढवले. बाहेर बायका आपापली पोरं घेऊन ताटकळत होत्या आणि मी बाळाच्या पारड्यात एकेक पितळी वजन ठेवत होतो. सिस्टर हाताची घडी घालून बघत होत्या.

"हा काटा या वर्षीच तपासलाय," त्या म्हणाल्या.

"कोणी तपासला?"

त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "खाली सील बघा."

मी वाकून बघितलं. शिशाच्या सीलवर माझाच ठसा होता. बायकोची रजा सुरू व्हायच्या जरा आधी मीच तो काटा जुळवून गेलो होतो. आणि तो बरोबर होता. प्रत्येक वजनाला बरोबर, केसाचाही फरक नाही. मी वजनं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. एक बाई आपल्या बाळाला म्हणाली, "चल, आता आपला नंबर."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "काट्याशी कशाला भांडता? त्याने खरं तेच सांगितलं." मग म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर मीही भांडले असते."

नळीचं ऐकल्यापासून सासूबाई वेगळ्याच विचारात होत्या. दुसऱ्या दिवशी ठकीला मांडीवर घेऊन चमचा भरवता भरवता म्हणाल्या, "मला मागे फोनवर माझी पोरगी सांगत होती. आईचा वास आला की बाळ बाटली घेत नाही. असंच ना?"

"सिस्टर असंच म्हणाल्या होत्या."

"मग बघा. घरभर तिचाच वास आहे. उशीला आहे, चादरीला आहे, कपाट उघडलं तरी येतो. या पोरीला वाटत असेल, आई इथेच आहे, आत्ता येईल. मग ती बाटली कशाला घेईल?"

मला ते पटलं. खरं म्हणजे मला काहीतरी करायला मिळालं होतं. त्या दिवशी आम्ही घर धुऊन काढलं. तिचे सगळे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, दुपटी, खुर्चीवरची गादी. गाद्या मी गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या. सासूबाईंनी आपल्या मुलीचे कपडे स्वतःच्या हाताने धुतले. मशीन असताना हाताने. प्रत्येक कपडा पाण्यात घालायच्या आधी त्या तो तोंडापाशी न्यायच्या, माझ्याकडे पाठ करून. मी तिकडे गेलो नाही. पिवळा टॉवेलही त्या धुणार होत्या, पण तो मी खुर्चीवरून उचलून माझ्या कामाच्या पिशवीत टाकला होता. का टाकला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घराला फक्त साबणाचा वास होता. कुणा नव्या भाडेकरूचं घर असावं तसं. आम्ही पावडरीचं दूध केलं, बाटली भरली, आणि मी ठकीला घेऊन बसलो. आता घेईल असं दोघांनाही वाटत होतं.

तिने घेतली नाहीच, पण तिचं रडणंही बदललं. आधी ती रागाने रडायची. आता उशीत नाक खुपसायची, मग चादरीत, मग माझ्या शर्टात, आणि मान वर करून इकडे तिकडे बघायची. मग बारीक आवाजात रडायची, थांबायची, परत शोधायची. रात्र झाली तशी चमच्यालाही तोंड उघडेना.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. "काहीतरी चुकलं आपलं," एवढंच म्हणाल्या.

पुढल्या दिवशी पावडरीचा नवा डबा आणायला मी खाली उतरलो. बायको गेली त्या दिवसानंतर रस्त्याच्या त्या बाजूला मी गेलो नव्हतो. चावीवाल्याने मला बघितलं आणि कानशीवरून हात काढला.

"बसा," तो म्हणाला.

मी बाकावर बसलो नाही. टपरीपाशी उभा राहिलो. तो किल्लीचे दात घासत होता, ते त्याने परत चालू केलं. माझ्याकडे न बघता बोलणं त्याला सोपं जात असावं.

"त्या दिवशी वहिनींशी माझं बोलणं झालं होतं. सांगायचं राहिलं. सांगू की नको, असं वाटत होतं."

"सांगा."

"इथेच बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, डोकं फार दुखतंय हो, असं कधी दुखत नाही. मी म्हटलं, मग घरी जा, समोर तर आहे. तर हसल्या. म्हणाल्या, टॉवेल दिसला की जाते. मला काही कळलं नाही. कसला टॉवेल? वर बघत होत्या सारख्या. मी आत स्टोव्ह बघायला गेलो, बाहेर आलो तर…" त्याने किल्लीवर फुंकर मारली. "कसला टॉवेल होता तो?"

"बाळाचा," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले होते, कुठेही झालं असतं. ते शिकलेले आहेत आणि खोटं बोलायचं त्यांना काही कारण नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. आणि तरी बाकावरून आमची गॅलरी किती स्वच्छ दिसते ते मी त्या दिवशी बघितलं. दोरी दिसते, दोरीवरचे चिमटेसुद्धा दिसतात.

डबा घेऊन मी घरी गेलो नाही, दवाखान्यात गेलो. सिस्टर कापूस मोजून डब्यात भरत होत्या. त्यांना वाटलं मी परत काटा तपासायला आलो. मी म्हटलं, "भरतीच्या आधी करण्यासारखं काही उरलंय का, तेवढं सांगा. आम्ही सगळं केलं. घरातलं तिचं सगळं धुतलंसुद्धा."

त्यांचा हात थांबला. "धुतलं? कुणी सांगितलं धुवायला?"

"तुम्हीच म्हणाला होता, आईचा वास आला की बाटली घेत नाही."

"अहो, ते आई असताना," सिस्टर म्हणाल्या. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "आई शेजारच्या खोलीत असेल तर बाळ आईसाठी हटून बसतं, म्हणून तिला बाहेर पाठवायचं. आता आई नाहीये. आता तिचा वासच तेवढा ओळखीचा उरलाय. तो असेल तर ते बाळ जरा निवांत होईल आणि तोंड उघडेल. तिचा न धुतलेला एखादा कपडा आणा, त्यात तिला गुंडाळा आणि मग बाटली द्या."

"न धुतलेला एक टॉवेल आहे, पण तो तिच्या अंगाला लागलेला नाही."

"रुमाल? ओढणी? एखादी पिशवी?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि तेव्हा मला कपाटावरची पिशवी आठवली.

घरी आलो तेव्हा सासूबाई भरतीसाठी लागणारं सामान बांधत होत्या. ठकी गादीवर पडली होती, डोळे उघडे, रडत नव्हती. हे जास्त वाईट होतं. मी स्टूल घेतलं, पिशवी खाली काढली आणि आतल्या खोलीत नेऊन गाठ सोडली.

चपला होत्या. घड्याळ होतं. घराची किल्ली होती. आणि करडा स्वेटर, घडी न घालता गोळा केलेला. मी तो उलगडला. पुढच्या बाजूला, छातीपाशी, दोन्हीकडे लोकर कडक झाली होती. आधी मला ते काय आहे ते कळलं नाही. मी बोटाने चोळून बघितलं, मग वास घेतला. दूध होतं. वाळलेलं, आंबूस दूध.

ठकीला भूक लागायची वेळ झाली की बायकोला आपोआप पान्हा फुटायचा. समोर पोर नसली तरी, बाजारात असली तरी. ती वैतागून म्हणायची, "हे माझं घड्याळ डेपोच्या घड्याळापेक्षा पक्कं आहे." त्या सकाळी वर ठकी रडत होती, आणि खाली बाकावर, मधे रस्ता असताना, आवाज ऐकू येत नसताना, तिला पान्हा फुटला होता. तरी ती बसून राहिली. पाटी लागली नव्हती ना.

मी तिथे किती वेळ होतो माहीत नाही. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय सापडलं का?" मी म्हटलं, "फ्रीझरमधली एक पिशवी काढा. तिचं दूध गरम पाण्यात ठेवा."

"पावडरीचं केलंय ना."

"तिचंच द्या."

त्यांनी फ्रीझर उघडला. मी स्वेटर डाव्या खांद्यावरून छातीवर घेतला आणि बाह्या मागे बांधल्या. तो मला कुठला व्हायला? मग ठकीला उचलून तिचा गाल त्या कडक झालेल्या जागेवर टेकवला.

ती गप्पच होती. मग तिने नाकाने ओढून श्वास घेतला, कुत्र्याचं पिल्लू घेतं तसा. मान डावीकडे उजवीकडे घासली. तोंड उघडून स्वेटरचं बटण धरलं आणि ते चोखायला लागली. दूध येईना तशी तिने हुंदका दिला, राग आल्याचा, जुना. सासूबाईंनी बाटली माझ्या हातात दिली. मी मनगटावर थेंब टाकला. बटण तिच्या ओठांतून सोडवलं आणि तिथेच, त्याच जागी बूच ठेवलं.

तिने चावलं. बाहेर टाकलं. स्वेटरमध्ये नाक खुपसलं. परत बूच लागलं तेव्हा चावून धरलं आणि तशीच राहिली. मी हललो नाही. सासूबाईही हलल्या नाहीत. मग बाटलीत एक बुडबुडा वर गेला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिचा जबडा चालू झाला, आईपाशी चालायचा तसा, तीन घोट आणि एक श्वास. तिने डोळे मिटले नाहीत. बाटली संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, माझा अजून भरवसा नसल्यासारखी.

"जरा तिरकी धरा, हवा जातेय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाटलीच्या तळाला बोट लावून ती उचलली. मग म्हणाल्या, "काटेवाले ना तुम्ही? म्हणून बाटलीही काट्यासारखी सरळच धरायची का?"

बाटली रिकामी झाली. ढेकर काढायला मी ठकीला खांद्यावर घेतलं आणि तिने थोडं दूध माझ्या पाठीवर काढलं. पुसायला काही हवं होतं. सासूबाईंनी इकडे तिकडे बघितलं, सगळं धुऊन घड्या घालून ठेवलेलं, म्हणून माझी कामाची पिशवी उघडली आणि हाताला लागला तो पिवळा टॉवेल काढला. माझी पाठ पुसली, ठकीचं तोंड पुसलं. मग टॉवेल नळाखाली धुऊन, पिळून, झटकून त्या गॅलरीकडे निघाल्या. रोज ओला कपडा वाळत घालतात तशा.

"तिथे नको," मी म्हटलं.

"का? ऊन आहे चांगलं."

"आत घाला. बाथरूममध्ये."

"कुबट वास येईल त्याला."

"येऊ दे."

त्या गॅलरीच्या दारात टॉवेल धरून उभ्या राहिल्या. टॉवेलचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं, खाली रस्त्यापलीकडे. काय समजलं असेल ते असेल. मागे फिरल्या आणि बाथरूमच्या दांडीवर टॉवेल घातला.

भरती टळली. पुढच्या वेळी ठकीला पारड्यात ठेवलं तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "पेटी आणली नाहीत?" आणि आकडा माझ्याकडे वळवला. वजन वाढलं होतं. मी तो आकडा मान्य केला.

आता ठकी बाटली घेते. माझ्याकडून घेते, आजीकडून घेते, परवा शेजारणीकडूनही घेतली. स्वेटरची गरज हळूहळू कमी होत गेली. आता तो नुसता मांडीवर असला तरी चालतो. फ्रीझरमधल्या पिशव्या संपल्या, शेवटची सासूबाईंनी पाजली, आता पावडरीचं दूध असतं आणि तेही ती तक्रार न करता पिते. मी परत कामाला जायला लागलोय. चावीवाला हात करतो, मीही करतो.

बाळ प्यायलं की गॅलरीत पिवळा टॉवेल टाकायचा असं ठरलं होतं. तो अजून टाकलेला नाही.